अक्षरी एकसष्ट

माझ्या सासूबाई म्हणतात, शुभांगीच्या तोंडाला कुलूप नाय. खरंय ते, मी कबूल करते. पण याच तोंडानं तीन वर्षं एक गोष्ट गिळून ठेवली होती, आणि ती काही मोठी गोष्ट नव्हती हो. एक आकडा होता. फक्त एक.

आधी कामाचं सांगते. निफाडच्या पुढे आमचं गाव. गावाखाली बंधाऱ्याचं पाणी तुंबतं आणि त्यात पाणकणसांचं हे एवढं रान माजलंय. पाऊस संपला की त्या रानात परदेशातले पक्षी उतरतात. कॉलेजातून निवृत्त झालेले देवराम सर तिथे केंद्र चालवतात. केंद्र म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, एक टेबल, दोन खुर्च्या. पहाटे बारीक जाळ्या उभ्या करायच्या, अडकलेला पक्षी अलगद सोडवून कापडी पिशवीत घालायचा, टेबलावर आणायचा, त्याच्या पायात नंबर असलेलं ॲल्युमिनियमचं कडं घालायचं, पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची, तक्त्यात लिहायचं आणि सोडून द्यायचं. सर त्याला रिंग म्हणतात. मी वाळा म्हणते. तान्ह्या लेकराच्या पायात घालतात तसा.

जाळीतून पक्षी सोडवणं मला लहानपणापासून येतं. द्राक्षबागेवरच्या जाळीत बुलबुल गुंतायचे, आणि वडील कात्री घेऊन येईपर्यंत मी केसातल्या पिनेनं त्यांना मोकळं करून टाकायचे. सासरी आल्यावर सरांनी एकदा हे बघितलं नि मला कामावर घेतलं. दर ऑक्टोबरला अख्खं गाव छाटणीत बुडालेलं असतं आणि आमची सून चालली पाखरं धरायला, म्हणून घरात जे काय बोललं जातं ते मी इथे सांगत बसत नाही.

तर तो आकडा. तीन वर्षांपूर्वीची सकाळ. त्या दिवशी सत्तर पक्षी मोजलेले, सरांचे डोळे लाल झालेले. सर मोजत होते, मी लिहीत होते. त्यात एक वटवट्या होता. एवढासा, मातकट रंगाचा, वजन अकरा ग्रॅम. बोरूच्या रानात सारखी वटवट करतो म्हणून वटवट्या. सर मलाही तेच नाव ठेवतात. सर म्हणाले, "पंख एकसष्ट." मी लिहिलं.

आता आमच्या तक्त्यात आकडे इंग्रजीत लिहायचे असा सरांचा नियम. पण हात पडला जिल्हा परिषदेच्या शाळेतला. सहा इंग्रजी यायचा, सात इंग्रजी यायचा, एक मात्र घाईत मराठीच उमटायचा. आणि मराठी एक म्हणजे दिसायला इंग्रजी नऊच की!

संध्याकाळी सर तक्ता कॉम्प्युटरवर चढवायला बसले आणि एकदम खुर्चीतून उठले. "एकोणसत्तर? शुभांगी, या वटवट्याचा पंख एकोणसत्तर?" या वटवट्याचे चार-पाच भाऊ दिसायला सारखेच, पंखावरूनच ओळखायचे. एकसष्टचा असला तर नेहमीचा, दर मोसमात वीस-पंचवीस सापडणारा. एकोणसत्तरचा म्हणजे दुसराच, आमच्या भागात कधी कुणाच्या हाती न लागलेला. सर नाचायला लागले. खरंच सांगते, त्या वयात, शेडमध्ये, चपला घालून. मी तक्त्यात वाकून बघितलं. माझाच एक होता तो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "तुझ्या हातून सापडला गं!" मी तोंड मिटलं.

पुढचं आपोआप होत गेलं. पेपरात आलं, माझा फोटो आला. ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं. दर ऑक्टोबरला मोठाले कॅमेरे घेऊन लोक यायला लागले आणि मला विचारायला लागले, ताई, तोच का हा? माझ्या नवऱ्यानं, कुंदननं, ते कात्रण अंबडला कंपनीत सगळ्यांना दाखवलं.

त्या कात्रणावर मी तीन वर्षं गावात राहिले. कुंदन तिकडे शहरात, सातपूरला खोली घेऊन राहतो. लग्नानंतर आठ महिने मी त्या खोलीत काढलेत. खिडकी उघडली की समोर वर्कशॉपची पत्र्याची भिंत, हात लांब केला तर टेकेल. दिवसभर आत मी, बाहेर ग्राइंडरची किरकिर. मला तिथे श्वास पुरायचा नाही. कुंदन वाईट माणूस नाही, पण यंदा त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. "परवाना मिळाला तर तुझं काम ते काम, मी आडवा येणार नाय. नाय मिळाला तर दिवाळीनंतर खोलीवर यायचं. किती वर्षं मेसचा डबा खाऊ मी?"

परवाना म्हणजे स्वतःच्या नावावर वाळे घालायची परवानगी. तो मिळाला की पुढच्या ऑक्टोबरला दोन महिने तमिळनाडूत, समुद्रकाठच्या मोठ्या केंद्रावर. सर म्हणायचे, तिथे सकाळी आभाळ पक्ष्यांनी काळं होतं. मी अजून समुद्र पाहिलेला नाही.

परीक्षा घ्यायला मुंबईहून अंजली मॅडम आल्या. त्यांच्या सहीवर सगळं होतं. बोलायला गोड, पण नजर अशी की चहात साखर किती ते बघून सांगतील. पहिल्या फेरीत मी नऊ पक्षी सोडवले, एकाचंही पीस हललं नाही. मॅडम म्हणाल्या, "छान हात आहे." सर माझ्याकडे बघून हसले. म्हटलं, झालं, सुटलो आपण.

दुसऱ्या फेरीला मी एकटी गेले. चार नंबरच्या जाळीत, खालच्या खिशासारख्या झोळात एक वटवट्या लोंबत होता. पायात आधीचा वाळा. मी त्याला हातात घेतलं, नंबर फिरवून बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. शेवटचे आकडे तीन दोन सात. हा नंबर मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. पेपरात छापलेला नंबर होता तो.

"मेल्या," मी त्याला म्हटलं, "आजच सुचलं तुला?"

त्यानं माझं बोट चावलं.

काय करायचं? बोटं उघडली की संपलं. रानात मी एकटी, कुणी बघत नव्हतं. टेबलावर गेला तर सर मोजणार, पट्टी एकसष्ट सांगणार, आणि मॅडम समोर बसलेल्या. सरांचं नाव जाणार, माझा परवाना जाणार, मी जाणार खोलीवर. मी खरंच बोटं सैल केली. अगदी खरं सांगते, केली.

पण तो उडाला नाही. हातात धडधडत बसला. अकरा ग्रॅमचा जीव, हिमालय ओलांडून तिकडे रशियाकडे जातो, परत येतो, पुन्हा जातो. आम्हीच त्याच्या पायात नंबर घातला, तो त्यानं तीन वर्षं इमानदारीनं वागवला आणि त्याच रानात आणून दाखवला. आणि मी त्याला वाचायचासुद्धा नाही? मला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला पिशवीत घातलं, नाडी ओढली.

टेबलावर मी नंबर वाचला. सरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"तोच?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे पेपरातला तोच पक्षी? देवराम सर, अहो, केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

परीक्षा माझी होती, मोजायचं मलाच होतं. पण सर म्हणाले, "हा मी मोजतो. शुभांगी, तू लिही." मी पेन घेऊन समोर बसले.

सरांनी पंख पट्टीवर टेकवला. फार वेळ टेकवून ठेवला. माझ्या बाजूनं पट्टी उलटी दिसते, पण इतकी वर्षं बघून मला उलटीही वाचता येते. साठच्या रेघेपुढे पंखाचं टोक एकच रेघ होतं. मग सरांनी अंगठा पुढे सरकवून ती रेघ झाकली.

"एकोणसत्तर," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. कपाळावर घाम आला होता, आणि सकाळचे साडेआठ वाजले होते फक्त. तेव्हा मला कळलं. यांना ठाऊक होतं. तीन वर्षं मला वाटत होतं की मी एकटीच कोंडलेय, आणि हा माणूस माझ्याच शेजारी कोंडलेला होता. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम.

पेन कागदावर टेकलं. मी इंग्रजी सहा काढला. आता पुढे मराठी एक काढला असता तर भागलं असतं. सरांना नऊ दिसला असता, मॅडमना नऊ दिसला असता, आणि मी मनाशी म्हटलं असतं, मी तर एकच लिहिला बाई. खोटं बोलल्याचं पापही लागलं नसतं. इतकं सोपं होतं ते.

मी सहा खोडला. चौकट छोटी होती म्हणून अक्षर बारीक काढलं आणि सोसायटीच्या चेकवर लिहितात तसं लिहिलं: अक्षरी एकसष्ट.

मॅडमनी वाकून बघितलं. "हे काय?"

"अक्षरी लिहिलंय, मॅडम. आकड्यात माझा घोळ होतो. मागच्या वेळीही झाला होता."

मॅडमनी सरांच्या हातातून पक्षी घेतला. सरांनी दिला. त्यांनी स्वतः पट्टी लावली. "एकसष्ट," त्या हळू म्हणाल्या आणि पक्षी माझ्या हातात दिला. मग मी सगळं सांगून टाकलं. मराठी एक, इंग्रजी नऊ, माझं मिटलेलं तोंड, सगळं. सर खुर्चीतून उठले आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सर नाचत होते," मी म्हटलं. दुसरं खरं कारण माझ्याकडे नव्हतं.

मॅडमनी कागद फाइलमध्ये ठेवले. "हात चांगला आहे तुझा, शुभांगी. पण तीन वर्षं चुकीची नोंद ठाऊक असून ठेवलीस. यंदा मी सही करू शकत नाही. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी इथे नसेन," मी म्हटलं. वटवट्याला मी सोडलं. तो थेट पाणकणसांत शिरला आणि आतून वटवट करायला लागला.

कुंदनला फोन केला. कंपनीत मशीनचा आवाज होता, मला दोनदा सांगावं लागलं. नाय मिळाला. तो म्हणाला, "जाऊ दे, वाईट नको वाटून घेऊ. खोली झाडून ठेवतो." तो प्रेमानंच म्हणाला, आणि मला रडू आवरेना.

तिसऱ्या फेरीची वेळ झाली. रडतेय म्हणून जाळीतली पाखरं थोडीच थांबतात? मी पाच पिशव्या घेऊन आले तर सर परतलेले. माझ्या खुर्चीत बसलेले, माझं पेन हातात.

"त्या वेळी मी काढलेल्या पंखाच्या फोटोत पट्टी दिसते, एकसष्ट," ते तक्त्याकडे बघत म्हणाले. "महिन्याभरानं लक्षात आलं. तो फोटो मी कुणालाच दाखवला नाही."

"एकदा बोलायचं तरी होतं, सर."

"तू बोलली नाहीस. इतकी वटवट करतेस, आणि तेवढंच बोलली नाहीस." ते हसायला गेले, त्यांना जमलं नाही. "कधी जाणार सातपूरला?"

"दिवाळी झाली की."

"म्हणजे बारा दिवस आहेत." त्यांनी चष्मा पुसला. "मोज. मी लिहितो."

मी पहिली पिशवी उघडली, पंख पट्टीवर टेकवला. "त्रेसष्ट."

सरांनी सावकाश लिहिलं आणि तक्ता माझ्याकडे फिरवला. अक्षरी त्रेसष्ट.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

मी नीट वाचून बघितलं. "बरोबर," म्हटलं, आणि पुढची पिशवी घेतली.