सापाच्या पाठाचा तिसरा भाग

योगराज शहारे हा मास्तर कामचुकार नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कामचुकार असता तर हे काही घडलंच नसतं. टीव्हीवर फडकं टाकून बसला असता, पुस्तकातला धडा वाचून मोकळा झाला असता, आणि वच्छला पंधरे आज धानाच्या बांधीतल्या चिखलात उभी राहून रोवणी करत असती.

खैरटोल्याच्या शाळेत सातवीपर्यंतचे वर्ग, एकेचाळीस पोरं आणि दोन मास्तर. एक हेडमास्तर हिरालाल सर, ज्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि ते चौदा महिने बिनबोभाट जावेत एवढीच ज्यांची इच्छा होती. दुसरा योगराज. दोन वर्षांपूर्वी वरच्या ऑफिसातून शाळेला मोठा टीव्ही आला. टीव्ही आला, इंटरनेट काही आलं नाही. गावात साधा फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. पण हुकूम असा की पोरांना ऑनलाइन साहित्यातून विज्ञान शिकवा आणि शिकवल्याचा फोटो पाठवा. आता बोला!

योगराजनं त्यावर तोड काढली होती. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो गाडी काढून सात किलोमीटरवरच्या प्रतापगडाला जायचा. दर्ग्याकडे चढणाऱ्या वाटेवर एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी टॉवर पकडतो. आसपासच्या चार-पाच शाळांचे मास्तर शनिवारी तिथंच सापडत, दगडावर बसलेले, मोबाइल वर धरून. दर्ग्याला जाणारी माणसं त्यांना हसायची. योगराजला त्याचं काही वाटत नसे. आठवडाभराचं विज्ञान तो तिथून खिशात घालून आणायचा.

चांगलं साहित्य मिळणं मात्र सोपं नव्हतं. इंग्रजीत ढीगभर होतं, ते पोरांच्या डोक्यावरून जायचं. हिंदीतले बरेचसे लोक नुसते ओरडायचे. मराठीतली एक बाई दर प्रयोगाला फ्रीजमधला बर्फ घ्यायला सांगायची. खैरटोल्यात फ्रीज एकच, किराणा दुकानातला, तोही बंद पडलेला, उंदीर लागू नये म्हणून त्यात बिस्किटांचे पुडे ठेवलेले. कितीतरी शनिवार वाया घालवल्यावर योगराजला एका संस्थेची साइट सापडली. शांत आवाजात, साध्या मराठीत, धानाच्या बांधीतलीच उदाहरणं देत समजावणारी. प्रत्येक पाठ तीन भागांत. पहिल्या दोन भागांत शिकवणं आणि तिसऱ्यात प्रश्न. लोहचुंबकाचा पाठ तसा, बियांचा तसा, प्रकाशाचाही तसाच. तिसरा भाग मिळाला तर बरं, नाही मिळाला तर योगराज स्वतःच प्रश्न काढायचा. प्रश्न काढण्यात तो पटाईत होता.

आषाढात रोवणी सुरू झाली. पोरं आईबापांबरोबर चिखलात उतरू लागली. त्या शनिवारी योगराजनं मुद्दाम सापांचा पाठ निवडला. अभ्यासक्रमात तो पुढं होता, पण पोरांना आत्ता उपयोगी पडेल, असं त्याच्या मनानं घेतलं. मन चांगलंच होतं त्याचं, त्याबद्दल वाद नाही.

पहिला भाग उतरला, दुसरा उतरला. तिसरा निम्म्यावर आला असताना हिरालाल सरांचा मेसेज आला. दोनच्या आत लिंक भरा, टीव्ही बघणाऱ्या पोरांचा फोटो चढवा, नाहीतर शाळेचं नाव लाल यादीत जाईल. आता मोहाच्या झाडाखाली एका वेळी एकच काम व्हायचं, एक तर वर चढवा, नाही तर खाली उतरवा. योगराजनं घड्याळ पाहिलं, एक वाजून चाळीस झाले होते. तिसऱ्या भागात काय असणार, प्रश्नच, असं म्हणून त्यानं तो थांबवला आणि फोटो चढवला. तेवढ्यात गडावर ढग उतरले, टॉवर गेला, आणि तो घरी आला.

सोमवारी पोरांनी पाठ पाहिला. विषारी साप चावला की दोन दातांच्या खुणा दिसतात, जागा सुजते, आग होते. नुसत्या बारीक ओरखड्यांची रांग असेल तर साप बहुधा बिनविषारी. योगराजनं ते फळ्यावर लिहून काढलं आणि लिहिताना तो 'बहुधा' गाळला, कारण परीक्षेत पोरं अशा शब्दांवर अडखळतात. मग प्रश्न घातले, उत्तरं पाठ करून घेतली आणि वह्या तपासल्या. त्याची एक शिस्त होती. वही घेऊन टेबलाजवळ उभं राहायचं, सरांची लाल सही झाल्याशिवाय जागेवर जायचं नाही. सातवीतली संध्या पंधरे सगळ्यात आधी आली. दहापैकी दहा. योगराजनं लाल पेनानं 'शाब्बास' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

संध्याचा बाप पुनाराम जंगलखात्याच्या रोजीवर जायचा, पावसाळ्यात आपली दोन एकर बांधी कसायचा. आई वच्छला. दोघांनाही अक्षर येत नव्हतं, पण पोरीची वही घरात देवाशेजारी ठेवलेली असायची.

पुढं काय झालं ते योगराजला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या सोमवारनंतर अकराव्या दिवशी वच्छला खाली जमिनीवर सातरी अंथरून निजली होती. पहाटे जागी झाली. हातावरून काहीतरी सळकन गेलं, बोटाला टोचल्यासारखं वाटलं, म्हणाली. पुनारामनं शोधलं, काही दिसलं नाही. त्यानं तिला केवळरामकडं न्यायचं ठरवलं. केवळराम म्हणजे गावातला मंत्र मारणारा म्हातारा. पुनाराम दोर हातात घेऊन खाट उचलायला माणसं बोलवायला निघालाच होता.

पण घरात शिकलेली पोरगी होती ना! संध्यानं बॅटरी लावून आईचा हात नीट पाहिला. खुणा नाहीत, सूज नाही, आग नाही. तिनं देवाजवळची वही आणून बापाला वाचून दाखवली, लाल पेनानं लिहिलेलं शाब्बासही दाखवलं. सरांची सही म्हटल्यावर पुनाराम दारातच थांबला. त्या दिवशी त्यांच्या बांधीत रोवणी होती, बारा बाया यायच्या होत्या. वच्छलाच म्हणाली, जाऊ द्या, मुंगळा असेल. पोट दुखतं म्हणाली तेव्हा तिला ओव्याचं पाणी दिलं. डोळे मिटायला लागले तेव्हा वाटलं, थकली असेल, निजू द्या. उजाडल्यावर तिला पाणी गिळेना, शब्द फुटेना. दवाखान्याची गाडी आली, तालुक्याच्या रस्त्याला लागली, आणि अर्ध्या वाटेतच वच्छलाचा श्वास थांबला.

मयतीला सगळं गाव होतं. योगराज एका कडेला उभा होता. केवळराम त्याच्याशेजारी येऊन टेकला. म्हातारा मंत्र मारायचा खरा, पण चार वर्षांपूर्वी दवाखान्याच्या लोकांनी त्याला बोलावून समजावलं होतं, तेव्हापासून तो तोंडानं मंत्र म्हणायचा आणि हातानं खुणावून दवाखान्याच्या गाडीला फोन करायला लावायचा.

"माह्याकडे आनली असती तं मी पह्यले गाडीतच टाकली असती," केवळराम म्हणाला. "मन्यार असा चावते का दिसतच नाही. पोट दुखते, डोरे झाकतात. हे तं आमच्या बुड्यायलेबी मालूम होतं."

घरी न जाता योगराज तसाच प्रतापगडाला गेला. मोहाखाली चिटपाखरू नव्हतं. अंगावर भुरभुर पाऊस घेत त्यानं तिसरा भाग उतरवला. साडेचार मिनिटांचा होता. प्रश्न एकही नव्हता. तोच शांत आवाज म्हणाला, आतापर्यंत सांगितलेल्या खुणांना एक फार मोठा अपवाद आहे. मग मण्यार दिसला, काळा, अंगावर पांढरे पट्टे. योगराजनं ते पूर्ण पाहिलं, पुन्हा लावलं आणि पुन्हा पाहिलं. मग दगडावर बसून तो ढसाढसा रडला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण तिसरा भाग राहिला हे त्याच्याशिवाय जगात कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हिरालाल सरांना सगळं सांगितलं. सरांनी आधी दार लोटून घेतलं. व्हिडिओ काय तुम्ही बनवला, साप काय तुम्ही सोडला, असं म्हणाले. लिंक भरायला आपणच सांगितलं होतं, हे त्यांनी काढलं नाही, योगराजनंही काढलं नाही. गप राहा, पंधरा दिवसांत लोक विसरतात, हा त्यांचा सल्ला. योगराज गप राहिला. एक दिवस नाही, नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत गाव मात्र गप नव्हतं. शिकलेल्या पोरीनं मायचा जीव घेतला, असं विहिरीवर बाया बोलत. सख्खी मावशी संध्याच्या हातचं पाणी घेईना. हे सगळं योगराजच्या कानावर येत होतं आणि तो फळ्यावर अपूर्णांक शिकवत होता. त्याची कीव करायची की त्याला दोन ठेवून द्यायच्या, मला अजून ठरवता येत नाही.

दहावं झालं आणि पुनाराम पोरीला घेऊन शाळेत, भरल्या वर्गात आला. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले. दाखला काढायचा म्हणाला. पोरगी आता घरी राहील, रांधेल, बांधीत येईल. संध्याच्या हातात सगळी पुस्तकं दोरीनं बांधलेली होती आणि वर ती वही. हिरालाल सरांनी झटकन दाखल्याचं पुस्तक आणलं. संध्या सरळ योगराजच्या टेबलाजवळ गेली, वही उघडली आणि ते पान त्याच्यासमोर धरलं.

"सर जी, मी कोठी चुकली?"

योगराजनं पान पाहिलं. अक्षर मोत्यासारखं, दहापैकी दहा, शाब्बास, खाली त्याची सही. हिरालाल सर मागून खाकरले. योगराजला तो इशारा कळला. एक वाक्य पुरलं असतं. पाठ करताना एखादी ओळ राहिली असेल बेटा, एवढं म्हटलं असतं की तो सुटला होता, आणि पोरगी जन्मभर अडकली असती.

"तू कोठीच नाही चुकली," तो म्हणाला. "मी तुमाले अर्धंच शिकवलं. तिसरा भाग होता. मी तो आनलाच नाही."

पुनारामला पहिल्यांदा काही समजलंच नाही. योगराजनं मग सगळं सांगितलं, मोहाचं झाड, फोटो, एक वाजून चाळीस मिनिटं, गाळलेला शब्द, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर बापाचा हात आता उठेल असं त्याला वाटलं, आणि उठला असता तर बरं झालं असतं असंही वाटलं. पुनाराम जागचा हलला नाही.

संध्या म्हणाली, "आता आहे का तुमच्या मोबाइलमंदी?"

"आहे."

"लावा."

त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला. संध्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसली. तिनं पुस्तकांची दोरी सोडून पेन काढलं आणि त्या शाब्बासच्या खालीच लिहायला सुरुवात केली. पुनाराम दारात उभा राहून पाहत होता. मण्यार झोपलेल्या माणसाला चावतो, आवाज सांगत होता. खूण दिसत नाही. सूज येत नाही. पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. वाट पाहू नका, खूण नसली तरी लगेच दवाखान्यात न्या. पापण्यांचं वाक्य आलं तेव्हा संध्याचं पेन थांबलं. तिनं फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा लिहू लागली.

टीव्ही बंद झाला. पुनारामनं दारातूनच विचारलं, "किती मिन्टाचा होता हा?"

"साडेचार," योगराज म्हणाला.

"साडेचार मिन्टं," पुनाराम म्हणाला. "तेवढं तं थांबले असते मास्तर."

एवढंच बोलून तो बाहेर गेला आणि वर्गाकडं पाठ करून पायरीवर बसला. हिरालाल सरांनी दाखल्याचं पुस्तक हळूच मिटलं, मग काय करावं ते न सुचून पुन्हा उघडलं.

संध्यानं शेवटची ओळ पूर्ण केली. नेहमीसारखी उठली, टेबलाजवळ आली आणि वही योगराजसमोर ठेवली.

"तपासून द्या."

त्यानं लाल पेन उघडलं. एकही चूक नव्हती, वेलांटीसुद्धा जागच्या जागी. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं, हात पुढं सरकेना. बाहेरून पुनारामनं पोरीला एकदा हाक मारली. संध्या गेली नाही. सही झाल्याशिवाय जायचं नसतं, म्हणून ती तशीच टेबलाजवळ उभी राहिली.