वांग्याच्या भाजीचा बॉल

माझा डावा तळहात उजव्यापेक्षा जाड आहे आणि त्याला एकच मुलगी जबाबदार आहे. आचल. हिंगणघाटच्या आमच्या ज्युनियर कॉलेजच्या मुलींच्या बेसबॉल टीमची ती पिचर आणि मी, मयुरी, तिची कॅचर. म्हणजे ती अंगातला सगळा जोर काढून बॉल फेकणार, बॅटवालीचा तो हुकला की मागे उकिडवी बसून मी तो झेलणार. पेपरात फोटो तिचा येतो. हळद-तेल माझ्या हाताला लागतं.

आमच्याकडे बेसबॉल म्हटलं की लोक आधी "क्रिकेटच ना?" म्हणतात आणि नाही म्हटलं की विषय बदलतात. म्हणून थोडक्यात सांगते. बॅटवालीने तीनदा बॉल हुकवला की ती बाद. त्या हुकण्याला स्ट्राइक म्हणतात; नीट आलेला बॉल ती नुसती बघत राहिली किंवा बॅटला चाटून मागे गेला, तरी स्ट्राइकच. मैदानाबाहेर उडवला तर होम रन. एवढ्यावर ही गोष्ट कळते.

मागच्या वर्षी जिल्ह्याच्या फायनलला आम्ही जिंकत आलो होतो. समोर रोहण्याची जयवंता होती, दंडाने मजबूत आणि स्वभावाने गरीब. बॅट घेऊन उभी राहताना ती मला "जेवली का वं?" असं विचारते, आणि मग बॉल फोडते. आचलने तिला जिवाच्या आकांताने वेगाचा बॉल टाकला. जयवंताने तो कुंपणापलीकडे, शेजारच्या जिनिंगच्या आवारात पाठवला. तिथे कापसाची गंजी लागली होती. पांढरा बॉल पांढऱ्या कापसात शिरला तो शिरलाच. आमची अख्खी टीम आणि जिनिंगचे चार मजूर दोन तास कापूस उकरत होते. शेवटी मुनीम म्हणाले, "आता गाठीत बांधून कुठं जाईल त जाईल." तेव्हापासून आमच्या मैदानाचा नियमच झाला: कापसात गेला की होम रन, शोधायचं नाही.

आम्ही हरलो. आचल घरी गेली आणि आठ दिवस कॉलेजला आलीच नाही.

यंदा आम्ही बारावीत, म्हणजे शेवटची संधी. जिल्हा जिंकला तर नागपूरला विभागीय स्पर्धा आणि तिथून राज्याच्या संघाची निवड. आचलला राज्याच्या संघात जायचं होतं. शाळेपासून आम्ही एकत्र खेळतो, त्या चार वर्षांत तिने दुसरं काही मागितलेलं मला तरी माहीत नाही. आणि मध्ये पुन्हा जयवंता उभी होती.

आमच्या खेळाच्या सुलोचना मॅडम म्हणाल्या, "तिच्यासाठी चेंजअप शिकावा लागेल." चेंजअप म्हणजे फसवा बॉल. हात तसाच फिरवायचा, जोरही तेवढाच दाखवायचा, पण बॉल बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोल धरायचा. तो निघतो त्याच थाटात आणि पोचतो उशिरा. बॅटवालीची बॅट तोवर फिरून गेलेली असते.

आचलने नाक मुरडलं. "असा रडका बॉल मी नाई टाकत, मॅडम. आंगात जोर हाये त हळू काऊन टाकू?"

मॅडमनी दटावलं तेव्हा टाकायला लागली, पण काय टाकायची! वेगाच्या बॉलला हिचा हात पात्यासारखा फिरायचा. चेंजअप टाकायचा म्हटलं की तोच हात अर्ध्यात मंदावायचा, आणि वर जीभ बाहेर. दवंडी पिटल्यासारखं सगळ्यांना कळायचं की आता हळू येणार. मॅडमनी सरावाला आठवीच्या पोरी उभ्या केल्या, त्यांनीही फोडून काढले. मला इतका राग आला की मी ग्लोव्ह जमिनीवर आपटला. "तुले जमतच नाई का तुले करायचंच नाई?" असं विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही."

फायनलच्या दहा दिवस आधी आचलच्या घरचे रोडगे होते. तिच्या भावाला नोकरी लागली म्हणून नवस फेडायचा होता. वणा नदीच्या काठी त्यांच्या शेतात गोवऱ्यांचा आर पेटवून कणकेचे रोडगे भाजायला घातले आणि पातेल्यासारख्या मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजत होती. आचलचे वडील रूपरावकाका म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले वाढपी. कुणाकडे पंगत असली की भाजी वाढायला तेच. त्या दिवशी मात्र ते घरचे यजमान, म्हणून भाजीची बकेट आचलच्या हाती आली आणि मी तिच्यामागे तूप घेऊन.

पहिली पंगत झोकात झाली. दुसऱ्या पंगतीत आचलने बकेटीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. जाम चौकातून न बोलावलेले दहा-बारा पाहुणे आले होते, आणि तिसरी पंगत अजून बसायचीच होती. तिसऱ्या पंगतीत सकाळपासून धुरात बसून रोडगे भाजणारी माणसं होती. आचल जपून वाढायला लागली. ताटाशी आली की तिचा हात मंदावायचा, पळी अर्धी भरायची, आणि हो, जीभ बाहेर. पाच ताटं गेली नाहीत तोच सुरू झालं. "संपली का वं भाजी?" "इकडं वाढ ना वं, पोरी!" "त्याले जास्त वाढली तिनं!" संपत आल्याचा वास लागला की लोकांची भूक दुप्पट होते. ज्यांनी नको म्हटलं असतं तेही ताट पुढे करायला लागले.

रूपरावकाकांनी तिच्या हातातून बकेट काढून घेतली. "घ्या बाप्पा, भाजी घ्या, लाजू नका!" असं ओरडत ते पंगतीत शिरले. तीच चाल, तोच आग्रह, पळी खालपर्यंत बुडवून उचलायची ढब तीच. पण मी मागेच होते म्हणून मला दिसलं. पळी ताटाकडे जाता जाता मनगटात जराशी कलायची आणि अर्धी भाजी बकेटीतच परत पडायची. ताटात पडायची तेवढ्यावर खाणारा "बस, बस" म्हणत हात आडवा करायचा. पंगत उठली, सगळे ढेकर देत हात धुवायला गेले आणि बकेटीत तिसऱ्या पंगतीपुरती भाजी शिल्लक होती.

"बाबा, कसं केलं तुमी?" आचलने विचारलं.

"तू हात आखडून राह्यली होती, म्हणून लोकायले समजलं," काका म्हणाले. "हात तसाच जाऊ द्याचा. पळी बोटात नाई धराची, मुठीत खोल धराची. मंग ती आपसुक कमी वाढते. तोंड बी हासरं ठेवजो. जीभ काऊन काढतं?"

मी आचलला कोपर मारलं. गरज नव्हती. ती काकांच्या मुठीकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मैदानावर. पहिले चार बॉल मातीत गेले. पाचव्याला तिने हात उचलला, तसाच पात्यासारखा फिरवला, जीभ तोंडात. मी ग्लोव्ह मिटला आणि बॉल नंतर येऊन माझ्या हनुवटीवर बसला. काय येणार ते मला माहीत होतं, टाक म्हणून मीच सांगितलं होतं, तरी मी फसले. हनुवटी चोळत मी बोंबलले, "आला वं, आला! भाजीचा बॉल आला!" आमच्या टीममध्ये त्याचं तेच नाव पडलं.

आता दुसरंच संकट. आचलला त्या बॉलचं वेड लागलं. बॉल हाती आला की भाजीचाच. लागोपाठ तीन टाकल्यावर आठवीच्या पोरींनी चौथा उचलला आणि थेट कापसात घातला. मॅडमनी मला बाजूला घेतलं. "मयुरी, आधी वेगाचा दोनदा बसला तरच हळूचा फसवतो. कोणता कधी, ते तू ठरवायचं. तुला बॅटवालीचे पाय दिसतात, आचलला दिसत नाहीत." मग आम्ही ठरवलं. मी गुडघ्यांमध्ये एक बोट दाखवलं की वेगाचा, चार दाखवली की भाजीचा. आचलने निमूटपणे ऐकायचं, हे मी माझ्याकडून जोडलं.

फायनल आमच्याच मैदानावर झाली. कुंपणापलीकडे यंदाची गंजी तयारच होती. रूपरावकाका जाळीमागे पहिल्या रांगेत बसले होते, पण त्यांचा उपयोग शून्य. आचलने बॉल टाकायला हात उचलला की ते रुमालात तोंड खुपसतात आणि गलका झाला की शेजाऱ्याला विचारतात, "का झालं गा?"

जयवंता पहिल्यांदा आली आणि म्हणाली, "जेवली का वं? मागच्या वर्षीचा बॉल सापडला का?" मी दात ओठ खाल्ले. एक बोट, पुन्हा एक बोट, मग चार. भाजीच्या बॉलला ती बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घेऊन बसली, तिचं हेल्मेट एकीकडे आणि ती दुसरीकडे. आमच्या बाकावर "भाजी! भाजी!" असा गोंधळ झाला. जयवंता उठली, माती झटकली आणि हसून म्हणाली, "हे नवीन हाये." ती हसली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आणि ती शेवटी पुन्हा आलीच. शेवटचा डाव, आम्ही एका रनने पुढे, त्यांच्या दोघी बाद, तिसरी गेली की डाव संपला, आणि एक पोरगी दुसऱ्या बेसवर, म्हणजे अर्ध्या वाटेवर, धावायला टपलेली. होम रन बसला की आम्ही घरी. दोन वेगाच्या बॉलवर जयवंताने दोन स्ट्राइक घेतले, पण दुसरा बॉल बॅटला चाटून जाळीत गेला होता. तिला वेग सापडत चालला होता. आता भाजीचाच. मी चार बोटं दाखवली, आचलने मान हलवली, सगळं ठरलं.

तेवढ्यात जाळीमागून रूपरावकाका उभे राहिले आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आचल, आता हळूवाला टाक वं, माय! भाजीवाला! हात आखडू नको!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. काका समाधानाने खाली बसले आणि रुमालात तोंड खुपसलं.

मी जयवंताचे पाय बघितले. तिने मागचा पाय हळूच रोवला, वजन त्याच्यावर टाकलं, खांदे सैल सोडले. ती थांबून खेळणार होती. मी चार बोटं मिटली आणि एक दाखवलं.

आचलने नाही म्हणून मान हलवली. मी पुन्हा एक दाखवलं. पुन्हा नाही. मग मी उठून तिच्याकडे गेले.

"वेगाचा नाई टाकत, मयुरी. तोच कापसात गेलता." आवाज एवढासा. सरावात मी जिला हळू टाक म्हणून शिव्या दिल्या, ती आता माझ्याकडे हळू बॉल मागत होती.

मला तिची इतकी माया आली की रागावताच येईना. "तवा तिले एकच माहीत होता. आता ती भाजीची वाट पाहून राह्यली. आंगात हाये तेवढा टाक. मी हावो ना मांग."

तिने बॉल बोटांच्या टोकांवर धरला. हात फिरला. जयवंताने अजून बॅट खांद्यावरून हलवलीही नव्हती, तोवर माझ्या ग्लोव्हमध्ये असा काही आवाज झाला की जिनिंगचे मजूर वळून बघायला लागले. पंचांनी हात वर केला. स्ट्राइक तीन.

सगळ्या पोरी धावत येऊन आचलवर पडल्या. जयवंता तिथेच उभी होती. मला म्हणाली, "मागच्या वर्षीचा तुमाले सापडला नाई. यंदाचा मले दिसलाच नाई." मग आचलपाशी गेली आणि तिची पाठ थोपटली.

रूपरावकाकांनी रुमालातून तोंड काढलं, शेजाऱ्याला विचारलं आणि जाळी हलवत नाचायला लागले. "पायलं का मॅडम? हात आखडला नाई पोरीनं! भाजीवाला टाकला!" येणाऱ्याजाणाऱ्याला ते मूठ उघडून पळी कशी धरायची ते दाखवत होते. मॅडम काही बोलायला गेल्या, तर आचलने त्यांचा हात दाबला. "हो बाबा, भाजीवालाच होता," ती म्हणाली.

सगळे फोटोसाठी गेले तेव्हा मी नळाशी बसून ग्लोव्ह काढला. तळहात लालभडक झाला होता आणि बॉलची शिवण त्यावर मोजता येईल अशी उमटली होती. आचल फोटो सोडून माझ्यामागे आली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने माझा हात हातात घेतला, नळाखाली धरला आणि त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"लय लागला का वं?"

"नाई," मी म्हटलं. "हळूवालाच होता ना."