मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक

मित्रांनो, पुलाकडून कोल्हार गावात शिरलात की चर्चच्या भिंतीलगत एक पांढरी ट्रॅव्हलर गाडी उभी दिसेल. दाराजवळ पत्रा थोडा चेपलेला, काचांवर लेकरांच्या बोटांचे ठसे. ती मी. वय विचाराल तर आता जुनीच म्हणायची. पण सकाळी किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात बोलते, एवढी धमक अजून आहे अंगात.

माझा जन्म कारखान्यातला. पहिली बरीच वर्षं मी शिर्डीत काढली. दर्शनाला आलेली माणसं न्यायची, आणायची. तिथल्या मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा मी सॅमसनच्या दारात आले. सॅमसन माझा मालक आणि तोच चालक. पाळकांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली, सॅमसनच्या बायकोनं, एस्तेरनं, आरशाला मोगऱ्याचा गजरा बांधला. लांबच्या भाड्याला जाणं हा आमचा धंदा झाला. कुणाचं लग्न, कुणाची सहल, कुणाचं वेलंकणी मातेचं दर्शन. लोक उतरताना माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, "गाडी कसली, घरच हाय!" ते ऐकून माझा पत्रा न पत्रा सुखावायचा.

पुढं रस्त्यावर नवनवीन गाड्या आल्या, झगमगत्या, नाचऱ्या दिव्यांच्या. सॅमसनच्या फोनवर पोरं विचारू लागली, "दिवे आहेत का? सीट मागं झुकते का? आवाज कसाय?" गिऱ्हाइकाला हवं ते द्यावं, म्हणून सॅमसननं माझ्या टपावरचा कॅरिअर काढला, शिडी काढली. म्हणे, गाडी सुबक दिसते. छताला निळे दिवे लावले आणि डिकीत हा एवढा मोठा बूफर बसवला. तो वाजायला लागला की माझ्या काचा थरथरायच्या.

भाडी आली, नाही असं नाही. पण एकदा आलेलं गिऱ्हाईक परत फिरकेना. सॅमसन डोकं खाजवायचा. "अजून काय पाहिजे लोकांना?" मला कळत होतं, पण मला कोण विचारणार? फोन करणारा एक असतो आणि बसणाऱ्या पंधराजणी असतात. त्या मागं काय बोलतात, ते मी ऐकलेलं असतं.

शेवटी सॅमसननं मला विकायचं ठरवलं. शिर्डीचा वैजनाथ नावाचा जुन्या गाड्यांचा व्यापारी रविवारी येऊन मला नेणार आणि सॅमसन पुण्याला एका कंपनीच्या गाडीवर नोकरीला लागणार. सॅमसन-एस्तेरची लेक स्टेला अजून रांगतही नव्हती. एस्तेर एकदाच म्हणाली, "अहो, तिला बाप फोनमध्येच दिसणार का?" सॅमसन नुसताच फडक्यानं माझी काच पुसत राहिला. ती काच स्वच्छच होती.

त्याआधीचं शेवटचं भाडं पाथर्डीकडचं होतं. तिकडची कितीतरी कुटुंबं दर साली ऊसतोडीला जातात. कारभारी नावाच्या गृहस्थाचा भाऊ आणि भावजय धनश्री सांगलीकडच्या एका कारखान्यावर तोडीला गेले होते, आणि तिथंच, तोडणीवाल्यांच्या कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धनश्रीला मुलगा झाला. हंगाम सोडून त्यांना गावी येता येईना. मग घरानं ठरवलं, ते येत नाहीत तर आपण बारसं घेऊन तिकडं जाऊ. एस्तेरची बहीण मिरजेला नर्स आहे. वाटेवरच आहे म्हणून कारभाऱ्याला विचारून एस्तेरही स्टेलाला घेऊन पुढच्या सीटवर बसली.

पाथर्डीला पोचलो तर अंगणात नऊवारीतल्या बायका तयार उभ्या, आणि मधोमध एक लाकडी पाळणा. कारभाऱ्याची आई, बायडाबाई, पाळण्याला हात लावून उभी.

"हे टपावर बांदा," ती म्हणाली.

सॅमसननं वर बघितलं. पाळणा बांधायला टपावर आता कॅरिअर होताच कुठं?

कारभारी म्हणाला, "आये, ऱ्हाऊ दे. तिकडं इकत घिऊ."

"इकत घेतलेल्या पाळन्यात तू निजलातास व्हय? ह्यात तू निजला, ह्यात तुजा भाऊ निजला. नातू माजा कोपीत जल्मला तर काय बिनपाळन्याचा ऱ्हाईल? पाळना न्हाई तर मीबी न्हाई." आणि ती ओट्यावर जाऊन बसली. तिच्यामागं बाकीच्याही बसल्या.

एस्तेर खाली उतरली, मागं जाऊन डिकी उघडली आणि म्हणाली, "अहो, हा बूफर ह्यांच्या पडवीत ठेवू. त्याच्या जागेत पाळणा बसतोय."

"अगं, आवाज पाहिजे म्हणून फोनवर ह्यांनीच तर दहादा विचारलं!"

कारभारी कान खाजवत म्हणाला, "इचारलं खरं. इचारायचं असतं म्हनून इचारलं."

बूफर उतरला, पाळणा चढला. बायडाबाई पदर सावरत आत आली, जशी काही सून सासरी चालली!

नगर मागं पडलं. स्टेलाला भूक लागली. पुढं पुरुषांशेजारी दूध पाजणं एस्तेरला अवघड वाटलं, म्हणून गाडी बाजूला घ्यायला लावून ती मागं बायकांत येऊन बसली. पाजून झाल्यावर तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, तशी बायडाबाई हळूच म्हणाली, "पोरी, इतकं पिऊ नगं. गाडी कवा थांबंल कुनाला ठावं? आमी सकाळधरनं घोटभर च्यासुदा घेतला न्हाई."

"मग थांबवायला सांगायचं ना, आजी."

"कुनाला सांगू? लेक पुढं बसलाय, त्याची पाठ तेवढी दिसती. पाठीला काय बोलायचं बाई!"

सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या. एस्तेर मात्र हसली नाही. तिनं तिथूनच हाक मारली, "अहो, पुढं चांगला पंप दिसला की गाडी घ्या."

"आत्ताच तर थांबलो," सॅमसन म्हणाला. "कारभारीभाऊंनी सांगितलंय, दुपारच्या आत पोचायचंय."

"घ्या म्हणते ना."

करमाळ्याच्या अलीकडं एक नीटनेटका पेट्रोल पंप लागला, बायकांसाठी वेगळी सोय असलेला. सॅमसनला वाटलं, एक-दोघी उतरतील. पण एकेक करत सगळ्या उतरल्या, पार शेवटच्या सीटवरची गुडघेदुखी म्हातारीसुद्धा. सॅमसननं आरशात पाहिलं. माझ्या आत रिकाम्या सीटा आणि एक पाळणा, एवढंच होतं.

कारभारी खजील होऊन म्हणाला, "माजी आय आजपर्यंत कदी बोलली न्हाई."

"माझ्या गाडीतही कुणी बोललं नव्हतं," सॅमसन म्हणाला.

बायका परत आल्या त्या मोकळ्या होऊन. चहा झाला, पाण्याच्या बाटल्या फिरल्या. मग जी गाणी सुरू झाली ती थेट उसाच्या फडापर्यंत! निळे दिवे लावायची कुणाला आठवणही झाली नाही.

धनश्री कोपीच्या दारात उभी होती. पाळणा उतरताना पाहिला आणि ती सासूच्या गळ्यातच पडली. बाळाचं नाव अमृत ठेवलं. आजूबाजूच्या कोप्यांतल्या बायका कोयते ठेवून पाळण्याची दोरी धरायला आल्या. एस्तेरनंही धरली.

परतीला, मिरजेला बहिणीकडं राहिलेल्या एस्तेरला घेऊन पाथर्डीला पोचलो, तेव्हा उतरता उतरता बायडाबाई एस्तेरकडं बोट करून सॅमसनला म्हणाली, "आमच्या बचत गटाच्या बायकास्नी लांब कुटंतरी जायाचंय. फोन मी करीन. पर उचलायचा हिनं."

रविवारी चर्च सुटलं आणि वैजनाथ आला. माझ्याभोवती फिरला, टायरला लाथ मारून पाहिली. सॅमसनच्या हातात किल्ली होती. मित्रांनो, गाडीला घाम येत असता तर त्या दिवशी माझ्याखाली डबकं साचलं असतं.

तेवढ्यात आतून एस्तेरचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "हां आजी, बोला. कोण कोण येणार? अंगावरची लेकरं आहेत का? गुडघ्यांचा त्रास कुणाकुणाला आहे? मग पायरी ठेवायला सांगते. थांबायचं कुठं ते तुम्ही सांगायचं, आम्ही नाही."

सॅमसन ते सगळं ऐकत उभा राहिला. एवढी वर्षं फोनवर त्यानं फक्त जायचं कुठं आणि कधी, एवढंच विचारलं होतं.

"वैजूभाऊ," तो म्हणाला, "चहा घेऊन जा. गाडी नाही द्यायची."

"अरे, पण पुण्याची नोकरी?"

"ती नाही म्हणून कळवतो."

तेव्हापासून आमच्याकडं फोन एस्तेर घेते. ज्या घरी एकदा जातो, तिथून पुन्हा बोलावणं येतं. कधी सुनेचं, कधी सासूचं. सगळं सोपं झालंय असं नाही. झगमगत्या गाड्या अजून माझ्या शेजारून सुसाट जातात. जाऊ देत बापड्या.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. घरच्यांना घेऊन लांब निघालात, तर गाडी सुरू व्हायच्या आधी आईला, आजीला विचारा, "काही हवंय का?" त्या म्हणतील, "काही नको."

तेव्हा आणखी एकदा विचारा.