चार वाजायच्या आत मागणी

मागणी घालायला एकतीस माणसं निघाली आणि दोन पोचली.

बाकीचे एकोणतीस फाटकाच्या अलीकडेच राहिले. इस्त्रीचे कोट घालून, अत्तराचा घमघमाट सोडत, फेब्रुवारीच्या उन्हात दगडांवर टेकून. त्यांत नवरा मुलगा कुतैबा होता, त्याचा बाप जव्दत होता, मामे-काके होते. परवाना एकाकडेही नव्हता. पलीकडे उम्म लौझ ही पाच घरांची वाडी, आणि त्यातलं तिसरं घर मुलीचं, नुझाचं. पूर्वी ही वाडी कफ्र झारूर गावातच मोडायची. मशिदीतून निघालं की वीस मिनिटांत माणूस तिथे. पुढे नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी टेकडीवरच्या नव्या वसाहतीला वळसा घातला आणि त्या वळशात ही पाच घरं पलीकडे गेली. तसं पाहिलं तर ते तारेचं कुंपण, दोन्ही अंगांना खंदक आणि मधून लष्करी गाड्यांचा रस्ता. पण गावात सगळे त्याला भिंतच म्हणत. कुंपण म्हटलं की ते शेजाऱ्याने घातल्यासारखं वाटतं.

फाटक दिवसातून तीनदा उघडायचं. सकाळी सहा, दुपारी बारा आणि चार. दर वेळी पाव तास. तेही फक्त पलीकडे शेत असलेल्यांसाठी. त्यामुळे मागणीचे पुढारी अबू तहसीन खांद्यावर छाटणीची करवत घेऊन बाराच्या रांगेत उभे होते आणि त्यांच्या मागे नझमी मास्तर हातात मोठी कात्री धरून. दोघांचे कोट एका पोत्यात.

यादी घेऊन बसलेल्या शिपायाने कोटवाल्या घोळक्याकडे पाहिलं. "हे कोण?" त्याने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

"आम्हाला निरोप द्यायला आलेत."

"झाडं छाटायला जाताना?"

"आमच्यात झाडांना फार मान असतो," अबू तहसीन म्हणाले.

शिपायाने हसू गिळलं, नावापुढे खूण केली आणि बोटांनी चार दाखवले. चारला परत. नाही आलात तर कागद रद्द. अबू तहसीनांनी मान डोलावली. हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

त्या कागदाची गोष्ट अशी. अबू तहसीनांची पलीकडे ऑलिव्हची अकरा झाडं होती. एवढ्याशा तुकड्याला एकाच माणसाचा परवाना मिळे. मालकाचा, नाहीतर त्याने लिहून दिलेल्या गड्याचा. अबू तहसीनांनी तो कधी कुणाला लिहून दिला नव्हता, पोटच्या मुलालाही नाही. वय बहात्तर, गुडघे बाद, तरी हंगाम असो-नसो ते आठवड्यातून चारदा पलीकडे जात. गावात त्यांना मान होता आणि घरात सुनेचा टीव्ही होता. अकरा झाडांखाली दोन्ही नव्हतं.

आणि मागणीसाठी त्यांनाच पुढे करायचं कारणही साधं. आजवर त्यांनी अडतीस मागण्या घातल्या होत्या आणि एकाही घरातून कॉफी न पिता उठले नव्हते. मुलीचा बाप कॉफी पुढे करतो. पाहुण्यांचा म्होरक्या पेला समोर ठेवतो आणि आपलं मागणं मान्य झाल्याशिवाय तोंडाला लावत नाही. पेला तसाच राहिला तर घराची शोभा होते. म्हणून बहुतेक बाप दहा मिनिटांत हो म्हणतात. अबू तहसीनांना माणसं फोडावी लागत नसत. ती घाबरूनच फुटत.

मिसबाह फुटला नाही.

तो वाडीतला एक शांत, जाडसर माणूस. दोन मुली, मुलगा नाही. मोठी लग्न होऊन जॉर्डनला गेलेली. त्याने पाहुण्यांना दारात मिठी मारली, त्यांचे कोट स्वतः झटकून दिले, मऊ गादीवर बसवलं आणि कडू कॉफी समोर ठेवली. अबू तहसीनांनी देवाचं नाव घेतलं, दोन्ही घराण्यांची स्तुती केली, कुतैबाचे गुण सांगितले (टाइल्स बसवतो, सिगारेट ओढत नाही, आईशी चढ्या आवाजात बोलत नाही) आणि पेला जमिनीवर ठेवला.

"मुलगा सोन्यासारखा आहे," मिसबाह म्हणाला. "माझी एकच अट. त्याने इथे येऊन राहावं."

अबू तहसीनांनी दाढी कुरवाळली. कुतैबाने या बाजूच्या परवान्यासाठी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा 'कारण अपुरं' असं उत्तर आलं होतं. होणारी बायको हे कारण लष्कराच्या यादीत नव्हतं. ऑलिव्ह होतं.

"अरे बाबा, हे काय त्याच्या हातात आहे?"

"नाहीच. माझ्याही नाही."

"म्हणजे तू नाही म्हणतोयस."

"तोबा! तुमच्यासारख्या माणसाला मी नाही म्हणेन? कॉफी घ्या. गार होतेय."

"होऊ दे."

तेवढ्यात नझमी मास्तरांच्या खिशात फोन वाजला. जव्दत. "प्यायलात का?"

"नाही."

"अजून नाही? करताय काय मग?"

"बसलोय," मास्तर म्हणाले.

एक वाजला. मिसबाहच्या बायकोने जेवण आणलं. भात, त्यावर कोंबडी, वर भाजलेले बदाम. पाहुण्यांनी त्यालाही हात लावला नाही. मास्तरांनी बदामांकडे दोनदा पाहिलं, अबू तहसीनांनी मास्तरांकडे एकदा. दोन वाजता फोन पुन्हा वाजला. "इथे उन्हाने लोक वितळायला लागलेत," जव्दत सांगत होता. "माझा साडू घरी निघून गेला. कुतैबा तारेला चिकटून उभाय, शिपाई त्याला दोनदा मागे सर म्हणाला. मास्तर, म्हाताऱ्याला सांगा, जरा जोर लावा!"

आवाज खोलीभर ऐकू गेला. 'म्हाताऱ्याला' या शब्दासरशी अबू तहसीनांनी डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी रोख बदलला. "मिसबाह, खरं बोल. आपण दोघंच आहोत."

"मीही आहे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही नसल्यासारखेच आहात. बोल मिसबाह. अट ही नाही. अट दुसरी आहे."

मिसबाहने गादीचा कोपरा सरळ केला. "शेजारचा अबू रिबही गेला ना जूनमध्ये," तो म्हणाला. "दोन जावई त्याचे. दोघंही तुमच्या त्या फाटकाशी उभे. आत सोडलं नाही. वाडीत आम्ही चालतेफिरते पुरुष किती? तीन. जनाजा उचलायला माणसं लागतात चार. चौथा खांदा त्याच्या बायकोने दिला, हाजी. आता पुरुष राहिलेत तीन, त्यातला एक मी. मी गेलो की दोन." त्याने हात पुसले. "नुझा तुमच्याकडे आली की पुढच्या खेपेला परवाने नवे होतील तेव्हा तिचं नाव इथल्या रहिवाशांच्या यादीतून जाईल. तिची पोरं तारेपलीकडून आजीला हात हलवतील. मला इथे राहायला जावई नकोय. या दारातून आत येऊ शकेल असं तुमच्याकडचं एक माणूस हवंय. एकच."

मास्तरांना शांतता कधीच सोसत नसे. "म्हणजे शेतीचा कागद!" ते म्हणाले. "माझा देता आला असता, पण आमचा तुकडा सात भावांचा. त्याच्यापायी दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एकट्याच्या नावावर असलेला तुकडा म्हणजे... या फाटकाच्या रांगेत तरी..." आणि मग आपण काय बोलतोय ते कळून ते थांबले. उशीर झाला होता.

अबू तहसीनांना हे तासाभरापूर्वीच कळलं होतं. किंबहुना मिसबाहने 'एकच अट' म्हटलं तेव्हाच वास आला होता. अडतीस घरांत ते समोरच्याला घाबरवत आले होते. इथे कुणीतरी त्यांचंच माप आधी काढून ठेवलं होतं. त्यांना थोडा रागही आला आणि थोडं कौतुकही वाटलं.

"कुणाचं डोकं हे?" त्यांनी विचारलं. "तुझं नाही. तू एवढा हुशार असतास तर बोअरवेल पुढच्या अंगणात, रस्त्यावरच्या शिपायांना दिसेल अशी, खणली नसतीस."

आतल्या दारात नुझा उभी होती. हातात नवी कॉफी. मागून तिची आई दबक्या आवाजात ओरडली, "नुझा! आत हो! पुरुषांच्यात काय काम तुझं?"

"कॉफी गार झाली म्हणून आलेय, आई." ती पुढे आली. "काका, रागावणार नसाल तर एक विचारू? यंदा तुमच्या झाडांचं तेल किती निघालं?"

"दोन डबे."

"घरात लागतं किती?"

"चार."

"म्हणजे दोन विकत घेताच. कुतैबा झाडं बघेल, तेल तुमच्याच घरी येईल. वर त्याचे हात मजबूत आहेत. तीन डबे निघतील."

"मुली, मी तेलासाठी येत नाही."

"माहितेय," ती म्हणाली. "आमच्या गच्चीवरून दिसतं. तुम्ही करवत बाजूला टाकून झाडाखाली बसता. कधी कधी बोलता पण, एकटेच. म्हणून तर मागायची लाज वाटत होती."

अबू तहसीनांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मास्तर छताकडे पाहू लागले. बाहेर कोंबडी ओरडली आणि गप्प झाली.

"पोरगा पसंत आहे का तुला?"

"नसता तर तुमचे डबे मोजले असते का?"

साडेतीन झाले होते. फाटक चालत दहा मिनिटांवर, त्यांच्या गुडघ्यांनी अठरा. उठावं तर अडतीसनंतरचा पहिला भरलेला पेला मागे राहणार. बसून राहावं तर कागद तसाही जाणार, आणि बिनपरवान्याचा पाहुणा रात्री घरात सापडला म्हणून मिसबाहचा इथे राहायचा कागदही जाणार. त्यांनी हे सगळं नीट, कुठलीही घाई न करता मनात मांडलं. मग त्यांना सूनबाईचा टीव्ही आठवला आणि टीव्हीचा विचार त्यांनी मधेच सोडून दिला.

"लिहून देतो," ते म्हणाले. "गुडघ्यांचं कारण लिहीन. खोटंही नाही ते."

मिसबाह उठून त्यांच्या खांद्याचं चुंबन घ्यायला लागला. त्यांनी त्याला हाताने थांबवलं, पेला उचलला आणि एका घोटात संपवला. मागणी पक्की झाल्याचा फातिहा वाचला गेला. मास्तरांनी जेमतेम पाच बदाम तोंडात टाकले आणि दोघं करवत, कात्री, पोतं सावरत निघाले. फाटक चार वाजून अकरा मिनिटांनी त्यांनी ओलांडलं. जव्दत धावत आला आणि पुतण्यांनी जे काही गायला सुरुवात केली ते शिपायाला अजिबात आवडलं नाही.

कुतैबाचा कागद एप्रिलच्या शेवटी आला. त्याच पत्रात अबू तहसीनांचा रद्द झाल्याचं एका ओळीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते फाटकाशी आले, पोराला झाडं समजावून सांगायला. बावीस वर्षांत कुणाला सांगावं लागलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करावी हेच त्यांना समजेना.

"वाटेवरून पहिलं जे येतं ते माझं नाही. ते सोड. त्याच्या पलीकडचं, दोन खोडांचं. त्याचं उजवं खोड छाटायचं नाही, कितीही वाटलं तरी. तिसऱ्याच्या बुंध्यात पोकळी आहे, तिथे घुबड असतं, तर सकाळी मोठ्याने खोकायचं नाही..."

"बरं, आजोबा."

"बरं काय? म्हणून दाखव."

कुतैबा म्हणून दाखवायला लागला. त्याचं लक्ष पलीकडे वाडीतल्या तिसऱ्या घराच्या गच्चीकडे होतं. तिथे कुणीतरी धुणं वाळत घालत होतं, एकच चादर तिसऱ्यांदा. मागची रांग पुढे सरकली, शिपायाने हाक मारली, पोरगा आत गेला आणि मागे वळून म्हणाला, "सहाव्याला पाणी किती दिवसांनी?"

अबू तहसीनांनी सांगायला तोंड उघडलं. मधून लष्करी गाडी गेली, धूळ उडाली आणि पाव तास संपल्यामुळे शिपायाने फाटक लोटून घेतलं. अजून पाच झाडं सांगायची राहिली होती. ते दगडावर बसले. पुढचं फाटक बाराला होतं.