खोडलेला मंगळवार

भट्टी चाळीस मिनिटांनी उपाशी मरायची, आणि वरचं नरसाळं मात्र कचऱ्याने काठोकाठ भरलेलं असायचं.

विद्यापीठाच्या मागच्या शेडमध्ये या भट्टीच्या रूपाने एका संशोधक बाईची तीन वर्षं उभी होती. खानावळीतलं खरकटं वाळवायचं, दळायचं, कमी हवेत तापवायचं. निघालेल्या गॅसवर इंजिन चालवायचं आणि इंजिनावर बारा दिवे. दिवे लागायचेही. पण चाळीस मिनिटांत भुकटी नरसाळ्यात कमान धरून अडकायची, खाली आग विझायची, आणि कुणीतरी सळई घेऊन वर चढायचं. संध्याकाळी ती घरी गेली की नवरा लेकीला कडेवर घेऊन दारातच विचारायचा, "आज काय दिवे लावलेस?" ती हसून चप्पल काढायची.

गुरुवारी समिती येणार होती. एक तास, हात न लावता, एवढीच अट. नाही जमलं तर भट्टी मोडीत आणि शेड शेजारच्या विभागाला. हे सांगताना तिच्या मार्गदर्शक सरांनी तीनदा चष्मा पुसला, तेव्हाच ती समजली की विनवण्या करून झाल्यात.

मंगळवारी दुपारी डबा खाताखाता ती चाचण्यांची वही पहिल्यापासून चाळत होती. एका पानावर लाल रेघ होती. गेल्या वर्षीचा एक मंगळवार: एक तास वीस मिनिटं. खाली तिच्याच अक्षरात, 'नमुना अशुद्ध. रद्द.' घास हातातच राहिला. त्या दिवशी लेक तापाने फणफणली होती. ती उशिरा, धापा टाकत आली, तर सफाईच्या मावशींनी नरसाळं आधीच भरून ठेवलेलं. त्यात काड्या आहेत हे नंतर कळलं, आणि तिने मावशींना चार शब्द सुनावले होते.

मावशी आवार झाडत होत्या. त्या दिवशी काय टाकलं होतं, असं तिने विचारलं.

"झालं, जुनी भांडणं उकरून काढली," मावशी म्हणाल्या.

"भांडायला नाही आले, मावशी. शिकायला आलेय."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. भुकटी कमी पडली म्हणून त्यांनी आवारातल्या वाळक्या काटक्या मोडून मिसळल्या होत्या, इतकंच. "नुसता भुसा भरला तर चूलसुद्धा धुमसते, ताई. आडव्यातिडव्या काटक्या घातल्या की श्वास घेते. आणि तुम्ही नाकाने कांदे सोलत एकेक काडी वेचून काढता."

सरांनी हे ऐकलं आणि वहीतलं ते पान पुन्हा वाचलं. "अति तिथे माती," ते म्हणाले, "आणि आपण ती मातीही चाळून घेतली."

बुधवार काटक्या मोडण्यात आणि मिसळण्यात गेला. आधी करून बघायला वेळच उरला नाही.

गुरुवारी अकराला दिवे लागले. समितीतले तिघं शेडच्या किल्ल्या ताब्यात घेऊन खुर्च्यांवर बसले. चाळिसाव्या मिनिटाला सरांचा हात सवयीने सळईकडे गेला, पण सळई जागेवर नव्हती. ती मावशींच्या पाठीमागे होती, दोन्ही हातांत घट्ट. एक्केचाळिसाव्या मिनिटाला इंजिन खोकलं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. त्यानंतर दिवे जायचे. लेकीच्या श्वासाकडे कान लावावा तसा तिने कान लावला. आत काहीतरी खळ्ळकन घसरलं, आणि इंजिन पुन्हा एका लयीत सुरू झालं.

तास झाला. कुणी उठलं नाही. समितीतल्या वयस्क बाईंनी विचारलं, हे बंद कधी होणार?

"पोट भरलेलं आहे तोवर नाही," मावशी म्हणाल्या.

एक तास चौतीस मिनिटं. बाईंनी जाताना शेडच्या किल्ल्या सरांच्या हातात परत ठेवल्या.

मग तिने वही उघडली. लाल रेघेशेजारी लिहिलं, 'ग्राह्य.' प्रयोग करणाऱ्याच्या रकान्यातलं स्वतःचं नाव खोडलं आणि मावशींना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. तीन वर्षांत ते विचारायचं राहूनच गेलं होतं. मावशींनी ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

संध्याकाळी दार उघडलं. लेक बापाच्या कडेवर होतीच.

"आज काय दिवे लावलेस?"

"बारा," ती म्हणाली, आणि लेकीला उचलून घेतलं.