पाटीवरची लाल अक्षरं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. दवाखान्याच्या बाजूच्या दारावर मला चार खिळ्यांनी ठोकलंय. आज मी इतकी खुशीत आहे, की साध्या झुळकीनंही खडखडते.

पूर्वी माझ्यावर वीतभर उंचीची लाल अक्षरं होती, 'गुप्तरोग विभाग'. रस्त्यापलीकडच्या सलूनच्या बाकावरूनही ती वाचता यायची. येणारा-जाणारा माझ्याकडे बघतो, याचा मला कोण अभिमान! पण माणसं मला वाचायची आणि मान खाली घालून पुढे सटकायची. आत डॉक्टर होते, औषधं होती, तपासणी फुकट होती आणि बाकं रिकामी होती.

एक पेंटर लागोपाठ तीन दिवस आला. माझ्यापर्यंत यायचा, सलूनकडे बघायचा, चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करायचा आणि मागे फिरायचा.

चौथ्या दिवशी त्याची बायको आली. तिला पाचवा महिना होता. शरीरसंबंधातून पसरणारा एक आजार तिच्या रक्ततपासणीत सापडला होता आणि तिचे उपचार सुरू झाले होते.

"ताई, हे दारापर्यंत येतात हो," ती सिस्टरना म्हणाली. "पण समोर सलूनमध्ये यांचे काका बसलेले असतात. पाटी वाचली की हे तसेच मागे फिरतात."

"त्यांनी औषध घेतलं नाही, तर आजार तुम्हाला पुन्हा लागेल. मग बाळालाही धोका." सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मला धडकीच भरली. "काम काय करतात ते?"

"पाट्या रंगवतात."

सिस्टरना हसू आलं. "मग त्यांना म्हणावं, उद्या शिडी आणि रंगाचे डबे घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पेंटर ताठ मानेनं आला. पलीकडून काकांनी हटकलं, "काय रे, इकडे कुठे?"

"काम मिळालंय," तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

सिस्टरनी आधी त्याला डॉक्टरांकडे नेलं. अर्ध्या तासात तो इंजेक्शन घेऊन कंबर चोळत बाहेर आला.

"एवढंच होतं?" त्यानं विचारलं.

"एवढंच. आता सांगा, पाटीवर काय असतं, तर पहिल्याच दिवशी आत आला असतात?"

पेंटर शिडीवर चढला. "नुसतं 'तपासणी केंद्र' पुरे. आणि वेळ बदला. सकाळी दहा ते बारा कामावरच्या माणसाला कसं जमणार?"

सिस्टर डॉक्टरांना विचारून आल्या. संध्याकाळी सहा ते आठ ठरलं. ब्रश फिरू लागला तशा मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! ऊन कलायच्या आत मी निळीशार झाले.

आणि काय सांगू मित्रांनो, आठवड्यातच बाकं भरली. शिवणकाम करणाऱ्या बायका आल्या, टेम्पोवाले आले, लग्न ठरलेली एक जोडी हसत-लाजत आली. एका संध्याकाळी तर खुद्द काका आले. पेंटर तेव्हा बाकावरच होता, पुढच्या तपासणीसाठी आलेला. त्यानं काही न विचारता सरकून जागा दिली.

आज पेंटर आणि त्याची बायको बाळाला घेऊन आले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळ ठणठणीत आहे. पेंटर माझ्याखाली उभा राहून पोटभर रडला, आणि कोण बघतंय हे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

माझं मागणं छोटंसंच आहे. अशा दारापाशी कुणी घुटमळताना दिसलं, तर टक लावून बघू नका. जरा बाजूला व्हा, त्यांना वाट द्या.