वेल्मा, गिनी आणि तापलेलं कोर्ट

मी मेस्कीट टेरेसचं टेनिस कोर्ट बोलतोय. आवाज खरखरीत लागेल, लागू दे. पन्नास उन्हाळे अंगावर काढलेत, आणि भांडणं त्याहून जास्त. बाकीच्या वस्तू आपली कहाणी सांगताना माणसांच्या आठवणीने हळव्या होतात. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

पाम डेझर्ट गावाच्या या भागात आधी वाळू, काटेरी झुडपं आणि सरडे होते. चौऱ्याहत्तर साली वाळू सपाट केली, सळया टाकल्या, काँक्रीट ओतलं आणि माझ्या पाठीवर हिरवा रंग फासला. हिरवाच का, तर वाळवंटात राहायला येणाऱ्यांना वाळवंट बघायचं नव्हतं. मग भोवती अठ्ठावन्न घरं उठली. मागे गोल्फचं गवत, मध्ये पोहण्याचा तलाव, सगळ्याला वेढून उंच भिंत आणि फाटकावर पहारेकरी.

लोक नोव्हेंबरात येत, बर्फाला शिव्या देत. एप्रिलमध्ये जात, उन्हाला शिव्या देत. मधले सहा महिने आराम करायला आलोय म्हणत आणि दिवसभर एकमेकांच्या तक्रारी लिहीत बसत. कुणाचं कुत्रं भुंकतं, कुणाच्या घराचा रंग नियमापेक्षा गडद आहे, तलावाकाठच्या खुर्चीवर कुणी सकाळी सातलाच टॉवेल टाकून ठेवलाय. नावाला मी कोर्ट, पण निवाडा करायचा अधिकार मला कुणी दिला नाही.

बारा महिने इथे राहणाऱ्या दोघीच. वेल्मा ऑस्टबी ही उत्तरेतल्या बर्फाळ डुलूथच्या शाळेतली खेळाची बाई, निवृत्त होऊन नवऱ्याबरोबर इथे आली आणि इथेच विधवा झाली. गिनी टोल्सन इथलीच. शेजारच्या कॅथेड्रल सिटीत तिने तीस वर्षं बायकांचे केस कापले आणि सेट केले. दोघी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला यायच्या आणि जोडीने खेळायच्या. एकोणीस वर्षं. पुढे वेल्मा, मागे गिनी. वेल्माचं तोंड अखंड चालू असायचं. "मागे जा. पुढे ये. गिनी, गुडघे वाकव!" गिनी वाकवायची.

मग पिकलबॉल आला. छोटी बॅट, भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू, आणि हात डोक्यावर न नेता कमरेखालून सर्व्हिस. सोसायटीचा अध्यक्ष ड्वाइट कासल, निवृत्त दंतवैद्य, या खेळाने पार झपाटला. त्याने ठराव आणला की टेनिस बंद करायचं आणि माझे चार तुकडे करून चार छोटी मैदानं आखायची. वेल्मा घरोघर विरोधात फिरली. मतदानात ती थोडक्यात हरली. गावी गेलेल्या अकरा जणांनी सह्या पाठवून ठरावाला मत दिलं होतं, त्यांनी पारडं फिरवलं.

पुढच्या शुक्रवारी सातला वेल्मा चेंडूंचे दोन डबे घेऊन आली. गिनी हात हलवत आली.

"रॅकेट कुठाय?"

"आणली नाही. वेल्मा, त्या अकरा सह्या मी गोळा केल्या."

"माहितीये. ड्वाइटने भर सभेत आभार मानले तुझे. बाकीचे वाजवतात म्हणून मीही टाळ्या वाजवल्या, गाढवासारख्या."

"दोन वर्षं झाली, माझा हात खांद्याच्या वर जात नाही. स्वतःचे केस डाव्या हाताने विंचरते मी. मी! तुला दिसलं कधी?"

"मला वाटलं, सर्व्हिस टाकायला कंटाळतेस."

"तेच बोललीस तू मला. आळशी झालीस, म्हणालीस."

"मग सांगायचं होतंस!"

"तू ऐकून घेतेस कुणाचं? एकोणीस वर्षं तुझ्या शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिले इथे."

"म्हणून माझं कोर्ट देऊन टाकलंस?"

"तुझं?" एवढंच म्हणून गिनी गेली. वेल्माने दोन्ही डबे एकेक चेंडू करत जाळीत मारून संपवले.

माझ्या जुन्या पांढऱ्या रेषा पुसल्या, पिवळ्या आखल्या. सकाळी आठपासून टॉक, टॉक, टॉक सुरू. वेल्माचं घर नेमकं माझ्या उत्तरेच्या कडेला. तिने आवाज मोजायचं यंत्र आणलं, रोज एक पत्र धाडलं, वरच्या मजल्याच्या खिडकीत रेडिओ ठेवून मोठ्याने बातम्या लावल्या.

"बाई, कानात कापूस घाला," ड्वाइट खालून ओरडला.

"जन्मभर लोकांच्या तोंडात कापूस कोंबलात डॉक्टर, सवय जात नाही ना?"

गिनी आता ड्वाइटच्या मंडळींबरोबर खेळायची, त्या खिडकीकडे बघायची नाही. एकदा तिने चेंडू घ्यायला पाय टाकला आणि वरून आवाज आला, "गुडघे वाकव!" गिनी मुद्दाम ताठ उभी राहिली. चेंडू निघून गेला. सगळे हसले, आणि गिनीच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्या दिवसापासून दोघी रस्त्यात समोरासमोर आल्या की एक फुटपाथ बदलायची.

जुलै आला. घरं बंद झाली, मैदानं ओस पडली. एका सकाळी सात वाजता वेल्मा पांढऱ्या रंगाचा डबा, ब्रश आणि उशी घेऊन माझ्यावर उतरली. उशीवर गुडघे टेकून तिने जुनी रेषा पुन्हा ओढायला घेतली.

माळीकाम बघणारा राऊल इनिगेझ कुंपणाच्या जाळीपाशी थांबला. "बाई, आज पारा सत्तेचाळीसवर जाणारे."

"तू तुझं गवत काप."

"कापून झालं. मी घरी चाललोय. तुम्हीही जा."

ती हलली नाही. राऊलने जाता जाता माझ्या पलीकडच्या कडेचं गिनीचं दार वाजवलं. "तुमच्या मैत्रिणीला आत बोलवा."

"ती माझी मैत्रीण नाही," गिनी म्हणाली आणि तिने पडदा ओढला.

आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. रेषा सरळ येत होती. माणूस किती हट्टी असावा, याला काही माप? अकराच्या सुमाराला ब्रश तिच्या हातातून सुटला आणि ती कुशीवर कलंडली.

आता जे सांगतोय ते कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यावर सगळ्यात जास्त जीव तिचा होता, आणि मी तिला भाजलं. उघडा दंड, तळहात, पोटऱ्या. तव्यावर टाकल्यासारखं. तिची ओरड माझ्याच अंगावर फुटत होती आणि थंड होणं माझ्या हातात नव्हतं.

पडदा सरकला. गिनी घरातल्या सपाता घालून, ओला टॉवेल घेऊन धावत आली. टॉवेल तिने वेल्माच्या पाठीखाली सरकवला, काखेत हात घातले आणि ओढायला लागली.

"सोड मला!"

"सोडते. मर इथेच!" पण ओढणं काही थांबवलं नाही.

"पाय घासतायत माझे!"

"मग उचल की! जगाला पाय उचलायला शिकवलंस ना?"

अर्ध्यात गिनीच्या खांद्यातून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. ती किंचाळली. मग टॉवेलचं टोक डाव्या हाताला गुंडाळून तिने उरलेलं अंतर ओढलं आणि वेल्माला सावलीच्या फरशीवर आणून टाकलं. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघी एकमेकींना शिव्या घालत होत्या.

वेल्मा सात आठवडे दवाखान्यात होती. मांडीची कातडी काढून दंडावर लावली म्हणे. ऑक्टोबरात तिची मुलगी तिला न्यायला आली. सामान गाडीत चढलं. गिनी हात झोळीत अडकवून फाटकाशी उभी होती. गाडी थांबली, काच चार बोटं खाली आली.

"खांदा?" आतून वेल्माने विचारलं.

"गेला. आता तो खेळही बंद."

"बरं झालं."

काच वर गेली. गाडी निघाली. गिनी बराच वेळ तिथेच उभी राहिली. रडत होती की हसत होती, ते मला इथून दिसलं नाही.

ती अर्धवट पांढरी रेषा राऊलने तीनदा घासली. उन्हात भाजून पक्की बसलीये, निघत नाही. ड्वाइटची मंडळी तिच्यावरून भांडतात. चेंडू तिच्यावर पडला की एक म्हणतो आत, दुसरा म्हणतो बाहेर, मग बॅटी आपटून निघून जातात. मला त्याचं काही नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि ते मायेचं समजू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, ऊन चढल्यावर, माझ्यावर पाऊल टाकू नका. त्या वेळात मला माणसं ओळखू येत नाहीत.